चार आयपॅड, एक सम

आम्ही चौघे आयपॅडवर उत्स्फूर्त वाजवतो: कुणी ठेका, कुणी बास, कुणी सूर. लय जुळवायला एबलटन लिंक ही संगीताच्या ॲपमधली, एकाच वायफायवरची यंत्रं जोडणारी सोय वापरतो. तिच्यातून आम्ही आवाज पाठवत नाही, फक्त लय आणि मात्रा सगळ्या यंत्रांत एक ठेवतो. घरी झकास चालायचं. सभागृहात मात्र एकही आयपॅड दुसऱ्याला दिसेना.

आधी ॲपवर संशय घेतला, ती पुन्हा टाकली, तासभर गेला. खरी गोष्ट अशी की पाहुण्यांसाठीच्या वायफायवर इंटरनेट मिळतं, पण जोडलेली यंत्रं बहुतेकदा एकमेकांशी बोलू शकत नाहीत. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. मग घरचा जुना राउटर नेला. इंटरनेटची तार लागतच नाही, नुसती वीज पुरते. तिघे लगेच जुळले. चौथ्याच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची ‘लोकल नेटवर्क’ परवानगी बंद होती, ती चालू केली.

तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकत होती! लय एक, पण ठेका तीनतालाचा १६ मात्रांचा आणि बासच्या ॲपमध्ये आवर्तन ४ मात्रांचं. त्यामुळे बास कुठल्याही चौथ्या मात्रेनंतर शिरायचा. सगळीकडे १६ केलं आणि चौघे एकदम समेवर आलो. अंगावर काटा आला, खरंच.

एक राहिलं: ब्लूटूथ स्पीकर नकोच. बोट टेकल्यावर आवाज इतका मागे राहतो की हात अडखळतो. आम्ही आता तारेनेच मिक्सरला जोडतो.