व्हीएफडीवर मोटर हळू चालवताय? आधी पंख्याकडे बघा
लातूरच्या डाळमिलमध्ये कन्व्हेयरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह) बसवली, की मोटर ५० ऐवजी २० हर्ट्झवर तासन्‌तास फिरते. मागचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर, त्यामुळे वेग उतरला की हवाही उतरते. कन्व्हेयरला टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र तेवढाच लागतो, म्हणजे करंटही जवळपास तेवढाच, आणि वाइंडिंग तापतं. साध्या मोटरचं रेटिंग भोवतालचं तापमान ४० अंश धरून दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते सहज ओलांडलं जातं. अशा ठिकाणी वेगळा ब्लोअर लावा. त्याला सप्लाय थेट लाइनवरून द्या, व्हीएफडीच्या आउटपुटवरून नको. मोटरमध्ये थर्मिस्टर (वाइंडिंगचं तापमान ओळखणारा सेन्सर) असेल तर त्याच्या तारा ड्राइव्हला जोडाच, टर्मिनल बॉक्समध्ये गुंडाळून ठेवू नका. सेंट्रिफ्यूगल पंपाची एवढी चिंता नाही. वेग निम्मा झाला की टॉर्क साधारण चौथाईवर येतो.