सणाला ड्रायव्हर गायब: माझ्याकडे काय लागू पडलं

रत्नागिरीत माझ्या मालाच्या मोजक्या गाड्या; चिरा (बांधकामाचा जांभा दगड) आणि हंगामात आंबा. लक्षण एकच: ड्रायव्हर उचल घेतो, दोन-चार खेपा मारतो, शिमगा किंवा गणपती आला की फोन बंद. पगार वाढवून पाहिला, एजंटाकडून माणूस आणला, नात्यातला ठेवला. वैताग आला नुसता.

शेवटी हा क्रम लागू पडला. माणूस आला की आधी लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून परिवहन सेवेच्या सारथी साइटवर तपासतो. तिथे ट्रान्सपोर्ट (धंद्याच्या गाड्या) आणि नॉन-ट्रान्सपोर्टची (खासगी गाड्या) मुदत वेगवेगळी दिसते. आपल्याला ट्रान्सपोर्टची चालू हवी, आणि अवजड गाडीचा वर्ग. मग मागच्या मालकाला फोन. "कसा आहे?" विचारू नका, सगळे "बरा आहे" म्हणतात. "हिशोब पुरा करून सुटला का?" असं विचारा.

मग चाचणी: अर्धा माल भरून कोल्हापूर रस्त्यावरचा आंबा घाट, पायथ्याच्या साखरप्याकडे उतरताना. मी शेजारी बसतो, बोलत नाही. उतार लागण्याआधी खालचा गिअर टाकतो की ब्रेकवर पाय दाबून येतो, एवढंच बघायचं. उतारावर गाडी न्यूट्रल केली, म्हणजे गिअर काढून नुसती सोडली, तर "डिझेल वाचवतो" म्हणून कौतुक नको. साखरप्यात चहा पाजायचा आणि निरोप.

उचल बंद. भत्ता निघण्यापूर्वी खात्यावर, खेप संपली की त्याच दिवशी हिशोब. सणाची रजा कामावर घेतानाच ठरते: गणपतीला कोकणातले घरी, घाटावरचे गाडीवर, दिवाळीला उलट.