काटा खोटा की इंजिन खरंच तापलंय?

टेम्परेचरचा काटा तळाशीच बसतो किंवा उगाच लाल पट्टीकडे धावतो, तेव्हा लगेच सेन्सर बदलू नका. आधी हे बघा.

१. रात्रभर उभ्या गाडीला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावून फक्त इग्निशन ऑन करा. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) आणि इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. वीस-तीस अंशांचा फरक असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. आकडे बरोबर आणि काटाच चुकीचा असेल, तर दोष मीटरकडे. काही जुन्या गाड्यांत मात्र काट्याला वेगळा सेन्सर असतो, तोही तपासा.

२. मग इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) अधूनमधून हात लावा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तोवर होज थंडसर राहून मग एकदम तापला पाहिजे. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. स्कॅनर शंभरी ओलांडतोय आणि होज थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अडकलेला असू शकतो. इंजिन ताबडतोब बंद करा.

३. काटा वर, पण हीटरमधून गार हवा? बहुधा कूलंट कमी झालंय किंवा आत हवा अडकलीय. ही खूण बरेच जण बघतच नाहीत.

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि फॅनपासून हात लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.