टीव्हीवरचा चेहरा शिक्षक मतदारसंघात उतरतो तेव्हा: नावनोंदणीपासून मतमोजणीपर्यंत

सूत्रसंचालनातून घराघरांत पोचलेला, पुढे शिकवण्याकडे वळलेला माणूस राजकारणात उतरायचं म्हणतो तेव्हा कुणीतरी हमखास सुचवतं: विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातून उभे राहा, जिथे फक्त शिक्षकच मतदार असतात. सल्ला वाईट नाही, पण या निवडणुकीत चेहऱ्याची किंमत फार कमी आहे हे सांगायचं राहून जातं. सर्वसाधारण मतदारांपुढेसुद्धा ती पुरतेच असं नाही. ‘होम मिनिस्टर’ घराघरांत चालू असताना आदेश बांदेकर २००९ मध्ये माहीममधून विधानसभेला उभे राहिले आणि पडले. उलट मुंबई शिक्षक मतदारसंघातून २००६ पासून सलग तीनदा निवडून आलेले कपिल पाटील पत्रकारितेतून आलेले होते. ते निवडून आले ते शिक्षकांच्या संघटनेच्या बळावर. इथे आधी मतदार तयार करावा लागतो आणि मग मत कसं द्यायचं ते त्याला शिकवावं लागतं. बाकीचा प्रचार त्यानंतर.

उभं कोण राहू शकतं

वय ३० पूर्ण हवं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. तुम्ही स्वतः शिक्षक असलंच पाहिजे, शिक्षक मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव हवंच, अशी अट नाही. पदवीधर मतदारसंघाच्या उमेदवाराला पदवी लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मद्रासच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. शिक्षकांच्या जागेलाही तोच तर्क लागू पडतो. ‘खरा शिक्षक कोण’ यावर विरोधक भाषणं ठोकतील, पण छाननीत तेवढ्यावरून अर्ज उडत नाही.

अडचण वेगळीकडे असते. शासकीय महाविद्यालयात पगारावर असाल तर ते लाभाचं पद ठरतं, म्हणजे अर्ज भरण्याआधी राजीनामा देऊन तो मंजूर झालेला हवा. खासगी अनुदानित संस्थेत असाल तर सेवाशर्ती वाचा आणि संस्थेकडून परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘हो, हो’ निवडणुकीनंतर कुणालाच आठवत नाही. एखाद्या सरकारी खात्यासाठी जाहिरातपट किंवा जनजागृतीची मालिका बनवण्याचा तुमचा किंवा तुमच्या निर्मिती संस्थेचा करार चालू असेल तर तो आधी वकिलाला दाखवा. सरकारशी चालू असलेल्या कंत्राटावरून अपात्रता येऊ शकते, आणि टीव्हीवाल्यांच्या लक्षात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

मतदार कोण, आणि यादी का नव्याने

विधानसभेची यादी वर्षानुवर्षं चालत येते. इथे तसं नाही. प्रत्येक निवडणुकीआधी यादी कोरी करून नव्याने बनते. गेल्या वेळी मत दिलेल्या शिक्षकानेही पुन्हा अर्ज भरायचा असतो. निम्मे घोटाळे इथेच होतात. मतदानाच्या दिवशी ‘माझं नाव होतं की!’ म्हणत परत फिरलेले शिक्षक प्रत्येक केंद्रावर दिसतात.

पात्रतेची तारीख म्हणजे निवडणुकीच्या आधीचा १ नोव्हेंबर. त्या तारखेआधीच्या ६ वर्षांत किमान ३ वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या, शासनाच्या यादीतल्या संस्थेत शिकवलेलं असावं आणि राहणं त्या मतदारसंघात असावं. तीन वर्षं सलग नसली तरी चालतात. प्राथमिक शाळेतले गुरुजी-बाई मतदार नाहीत. शिकवणी वर्ग चालवणारेही नाहीत. तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गातले सहकारी शिक्षक तुमच्यासाठी रात्रंदिवस राबतील, पण मत देऊ शकणार नाहीत. पदवीधर मतदारसंघाच्या नावनोंदणीसाठी नमुना १८ हा अर्ज असतो आणि पदवीला ३ वर्षं झालेली लागतात. शिक्षकांसाठी नमुना १९. दोन्हीत गल्लत करून भरलेला अर्ज फुकट जातो.

नमुना १९ सोबत संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो, आणि खरी मारामार तिथे आहे. माध्यमिक शाळेच्या कार्यालयात गेलात तर चित्र असं दिसतं: लिपिक एकच, तोही ‘शालार्थ’ या ऑनलाइन पगारप्रणालीतल्या बिलात अडकलेला. मुख्याध्यापक प्रभारी, आणि शिक्का कपाटात कुलपात. दाखल्यावर नियुक्तीचा दिनांक लिहितात आणि ‘पासून–पर्यंत’चा रकाना मोकळा सोडतात. मग तहसील कार्यालयात अर्ज त्रुटीत निघतो. म्हणून शाळेत जाताना कोरे नमुने नेऊ नका. दाखल्याचा मसुदा, मागच्या सहा वर्षांचा कालावधी ठळक करून, छापूनच न्या. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला जुन्या शाळेचाही दाखला लागू शकतो. त्याला ते पहिल्याच भेटीत सांगा.

वेळापत्रक

साधारण १ ऑक्टोबरला जाहीर सूचना निघते, १५ आणि २५ ऑक्टोबरच्या सुमारास ती पुन्हा छापतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ज घेतात. नोव्हेंबरअखेरीस प्रारूप यादी, मग हरकती, आणि ३० डिसेंबरच्या आसपास अंतिम यादी. त्यानंतरही नाव घालता येतं, पण उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसापुढे नाही, आणि त्या आधीचे काही दिवस अर्जाच्या चौकशीत जातात.

ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. त्यामुळे काम ऑगस्टमध्ये सुरू करावं लागतं. तालुकावार शाळांची आणि कनिष्ठ महाविद्यालयांची यादी करा. प्रत्येक संस्थेपुढे चार रकाने ठेवा: पात्र शिक्षक किती, अर्ज भरले किती, तहसीलला पोचले किती, प्रारूप यादीत आले किती. पुणे मतदारसंघ म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे. नाशिकही पाच जिल्ह्यांचा, तर नागपूर सहा. एका शाळेत आठ मतदार, पुढची शाळा बारा किलोमीटरवर, असा हा पसारा असतो. दर संस्थेला एक माणूस नसेल तर चौथा रकाना कधीच भरत नाही.

गठ्ठ्याने अर्ज देण्याबाबत एक नियम पक्का ध्यानात ठेवा. पक्षाचा कार्यकर्ता किंवा उमेदवाराचा माणूस शंभर अर्जांचा गठ्ठा घेऊन गेला तर तो घेत नाहीत. संस्थाप्रमुख मात्र आपल्या संस्थेतल्या पात्र शिक्षकांचे अर्ज एकत्र देऊ शकतो. म्हणून कार्यकर्त्याचं काम तहसीलच्या खिडकीवर उभं राहण्याचं नाही, मुख्याध्यापकाला त्या खिडकीपर्यंत नेण्याचं आहे.

१ डिसेंबर २०२० ला मतदान झालेल्या पुणे आणि अमरावती शिक्षक मतदारसंघांची सहा वर्षं २०२६ अखेर संपतात, त्यावरून पुढचा हिशेब मांडता येईल. तारखा सुट्टीत येत नाहीत ना, याकडेही लक्ष ठेवा. २०२४ मध्ये मुंबई-नाशिकचं मतदान आधी १० जूनला ठरलं होतं. उन्हाळी सुट्टीत शिक्षक गावी असतात अशी ओरड झाल्यावर ते २६ जूनवर गेलं.

उमेदवारी अर्ज

नमुना २ ई. अर्ज विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात, सकाळी ११ ते दुपारी ३, उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः द्यायचा. टपालाने चालत नाही. सूचक दहा, आणि दहाही जण त्या शिक्षक मतदारसंघाच्या यादीतले हवेत. यादी भाग आणि अनुक्रमांकासह तपासा. अनुक्रमांक प्रारूप यादीतला टाकणं ही नेहमीची चूक, कारण अंतिम यादीत तो बदललेला असतो. दहाऐवजी बारा-तेरा सह्या घेऊन ठेवा. एक बाद झाली म्हणून उमेदवारी जायला नको.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. चार संचांपर्यंत अर्ज भरता येतात, अनामत एकदाच. तुमचं नाव विधानसभेच्या ज्या यादीत आहे तिची प्रमाणित प्रत जोडा. पक्षाने उमेदवारी दिल्याचे नमुने शेवटच्या दिवशी ३ वाजायच्या आत पोचले पाहिजेत. ‘गाडीत आहेत, येतायत’ याला अर्थ नाही.

नमुना २६ चं शपथपत्र भरताना एकही रकाना मोकळा ठेवू नका. नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, समाजमाध्यमांवरची खाती हे सगळं त्यात येतं. सूत्रसंचालकाची मिळकत तुकड्यातुकड्यांची असते: वाहिनीचं मानधन, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या, जाहिराती, ऑनलाइन वर्गांची फी. आयकर विवरणातला आकडा आणि शपथपत्रातला आकडा जुळवायला सनदी लेखापालाला पंधरा दिवस आधी बसवा.

आणि शपथ. अर्ज दिल्यानंतर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उमेदवाराने घटनेची शपथ घ्यावी लागते. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्यांची इथे धांदल उडते. अर्ज दिला की खुर्चीवरून न हलता तिथेच शपथ घ्या आणि तिची पावती मागा.

विधान परिषदेच्या निवडणुकीला खर्चाची कायदेशीर मर्यादा नाही. ती कायद्यात लोकसभा आणि विधानसभेपुरतीच आहे. म्हणून पैठण्या आणि सफारीचं कापड वाटायला मोकळीक मिळते असं नाही. मतासाठी वस्तू देणं लाचच ठरते आणि निवडून आल्यावरही निवडणूक रद्द होऊ शकते. पैठणीच्या खेळांचं सूत्रसंचालन ज्यांनी केलं आहे त्यांनी निदान या काळात तसले कार्यक्रम घेऊच नयेत. वाहिनीलाही जुन्या भागांचं पुनःप्रक्षेपण थांबवण्याचं पत्र द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

स्टाफरूममध्ये सात मिनिटं

मधली सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात डबा, हात धुणं, वह्या. तुमच्या वाट्याला सात मिनिटं येतात. मुख्याध्यापकांची परवानगी आधीच घ्या आणि वर्गाच्या वेळेत पाऊल टाकू नका. टीव्हीवरची ओळख पहिल्या मिनिटात सेल्फीत संपते. नंतर प्रश्न येतात: १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनचं काय, अंशतः अनुदानित शाळेला २० टक्के अनुदानाचा पुढचा टप्पा कधी, संचमान्यतेत म्हणजे शाळेची मंजूर शिक्षकसंख्या ठरताना अतिरिक्त ठरलो तर कुठे जाणार, वैद्यकीय बिल वर्षभर अडकलंय. यातल्या एकावर तरी शासन निर्णयाच्या तारखेसह बोलता आलं पाहिजे. सगळ्यावर ‘नक्की बघू’ म्हणणाऱ्याला शिक्षक लगेच ओळखतात, त्यांचा दिवस तसल्याच उत्तरपत्रिका तपासण्यात जातो.

शेवटची दोन मिनिटं मत कसं द्यायचं यासाठी राखून ठेवा. सूत्रसंचालकाची कला खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती इथे. मत यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर द्यायचं असतं. पक्षाचं चिन्ह नसतं. नाव, पक्ष आणि फोटो असतो. ओळखीच्या चेहऱ्याला एवढाच काय तो फायदा. सांगायचं असं: केंद्रावर मिळालेलाच जांभळा स्केचपेन वापरा, खिशातला नाही. पसंतीच्या रकान्यात १ हा आकडा लिहा. मराठी, इंग्रजी किंवा रोमन कुठलाही चालतो, पण एकाच पद्धतीचे आकडे वापरा. ‘एक’ असं अक्षरी लिहू नका, बरोबरची खूण करू नका, सही किंवा अंगठा नको. १ एकाच उमेदवारापुढे. वर्षभर बरोबरच्या खुणा करणाऱ्या हाताला तीच खूण सुचते, आणि शिकल्यासवरलेल्यांच्या या निवडणुकीत बाद मतं निघतात ती अशी. नमुना मतपत्रिका छापायची तर रंग आणि आकार खरीपेक्षा वेगळा ठेवा. फळ्यावर एकदा करून दाखवा आणि एका शिक्षकाकडून करून घ्या.

१ नंतर बाकीच्या उमेदवारांपुढे २, ३ असा पसंतीक्रमही लिहिता येतो. त्यातलं दुसऱ्या पसंतीचं मत मागायला लाजू नका. दुसऱ्या संघटनेच्या बांधील माणसाला ‘पहिली तुमच्या माणसाला द्या, दुसरी मला’ म्हणणं हा इथला रिवाजच आहे. मात्र स्वतःच्या माणसांना दुसरी पसंती कुणाला द्या हे सांगताना जपून. पहिलीच तिकडे गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मतमोजणीत काय बघायचं

सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळतात, मग वैध-अवैध वेगळ्या करतात. तुमचे मतमोजणी प्रतिनिधी तिथे जागे हवेत, कारण पुसट १ आणि ७ यांतला वाद त्याच टेबलावर मिटतो, नंतर नाही. एका जागेसाठी कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, वैध मतांचे निम्मे अधिक १, अपूर्णांक सोडून. वैध मतं २०,००१ असतील तर कोटा १०,००१. पहिल्या पसंतीत कुणी तिथवर पोचलं नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीला जातात. पुढची पसंतीच लिहिलेली नसेल ती पत्रिका संपते. कोटा मात्र तोच राहतो. म्हणून शेवटी दोघंच उरले की कोटा न गाठताही जास्त मतांचा जिंकतो. अनामत वाचवायला कोट्याच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, वरच्या उदाहरणात किमान १,६६७.

मोजणी पहाटेपर्यंत चालू शकते. प्रतिनिधींच्या दोन पाळ्या लावा आणि प्रत्येक फेरीचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावा. फेरमोजणी मागायची तर ती निकाल जाहीर होण्याआधी, आकड्यांवर बोट ठेवून आणि लेखी मागावी लागते.