स्कायरिममध्ये लेव्हल वाढवताना आधी जमाखर्च बघा

स्कायरिम हा तलवारी, जादू आणि ड्रॅगन यांचा २०११ चा व्हिडिओ गेम. तरी आजही नव्याने खेळायला घेणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली: "लेव्हल वाढली, पण साधा दरोडेखोरसुद्धा दोन फटक्यांत आडवा करतो!" मी पतसंस्थेत दिवसभर खतावण्या तपासणारा माणूस, त्यामुळे गेममध्येही आधी हिशेब मांडून बघतो. गोम तिथेच आहे.

इथे शत्रू मारल्याबद्दल वेगळा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळत नाही. एकूण १८ स्किल्स आहेत. जे वापराल ते वाढतं, आणि ते ज्या आकड्यावर पोचलं तेवढा एक्सपी तुमच्या खात्यात जमा होतो. १५ वरून १६ झालं की १६, ९० वरून ९१ झालं की ९१. दुसऱ्या लेव्हलला १०० लागतात, पुढे दर लेव्हलला २५ वाढत जातात.

आता गंमत बघा. रिव्हरवूड या सुरुवातीच्या गावातल्या भट्टीवर ठाण मांडून स्मिदिंग (लोहारकाम) १५ वरून ५० वर नेलंत, तर १६ ते ५० ची बेरीज होते ११५५. सातव्या लेव्हलपर्यंत लागतात फक्त ९७५. म्हणजे एकदाही तलवार न उपसता तुम्ही सातव्या लेव्हलवर! आणि बऱ्याच ठिकाणी कोणता शत्रू समोर येणार हे तुमच्या लेव्हलवरून ठरतं. तुमचं वन-हँडेड (एका हाताने चालवायच्या हत्याराचं स्किल) अजून १५ वरच आहे, याच्याशी गेमला काही देणंघेणं नाही. स्मिदिंग निदान हत्यारं सुधारून देतं. स्पीच (बोलून पटवणं) आणि पिकपॉकेट (खिसे कापणं) तर लढाईत तेवढ्याही कामाचे नाहीत. ते नंतर बघू.

तेव्हा सुरुवातीला एक हत्यार, एक चिलखत आणि एक जोडस्किल, एवढंच धरा. माझी आवड धनुष्य, लाइट आर्मर (हलकं चिलखत) आणि स्नीक (लपून वावरणं). (हो, सगळे शेवटी लपून बाण मारण्यावरच येतात. येऊ देत.) दहाव्या लेव्हलपर्यंत ९ पर्क (लेव्हल वाढली की स्किलमध्ये घ्यायच्या खास क्षमता) हातात येतात. ते मी असे लावतो: धनुष्याचा ओव्हरड्रॉ तीनदा, लाइट आर्मरचा अजाइल डिफेंडर दोनदा, मग स्नीकमधले स्टेल्थ, बॅकस्टॅब आणि डेडली एम. बॅकस्टॅब लपून जवळून वार करणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे धनुर्धाऱ्याला फुकटचा भुर्दंड वाटेल, पण डेडली एमची वाट त्याच्यावरूनच जाते. आणि ते मिळालं की लपून मारलेला बाण दुपटीऐवजी तिप्पट लागतो. उरलेला एक पर्क खिशात ठेवा. पर्क शिळा होत नाही. ईगल आय या धनुष्याच्या पर्कचा झूम दिसायला झकास, पण घाई नको. लॉकपिकिंगवर तर एकही खर्च करू नका: हात स्थिर असेल आणि पिना भरपूर असतील, तर मास्टर कुलूपही पर्कशिवाय उघडतं.

वेग हवा असेल तर गेम सुरू होतो त्या हेल्गेनहून रिव्हरवूडला उतरताना वाटेत तीन गार्डियन स्टोन लागतात; एकेक दगड स्किल्सच्या एकेका गटाचा. धनुष्य वॉरियरमध्ये मोडतं, चोरीची अंगं (लाइट आर्मर त्यातच) थीफमध्ये. निवडलेल्या गटातली स्किल्स २० टक्के जास्त वेगाने वाढतात, आणि दगड हवा तेव्हा बदलता येतो. शिवाय खाणावळीत १० मोहरा देऊन झोपलात की आठ तास आणखी १० टक्के. मात्र वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) झालात की या झोपेच्या फायद्यावर पाणी सोडा.

रिव्हरवूडमध्येच फेंडाल नावाचा धनुर्धारी भेटतो. कॅमिला नावाच्या मुलीवरून त्याचं आणि स्वेनचं वाजलेलं असतं. फेंडालची बाजू घ्या, तो सोबत यायला तयार होतो. तो धनुर्विद्या ५० पर्यंत शिकवतो. फी द्या, शिका, मग त्याची थैली उघडून तेच पैसे परत घ्या. लबाडी आहे, पण गेमने दार उघडं ठेवलंय तर मी काय करू? एका लेव्हलला पाचच शिकवण्या मिळतात, तेवढं ध्यानात ठेवा. आणि शिकून वाढलेलं स्किलही एक्सपीत धरलं जातं.

स्किल बुक (गेममध्ये सापडणारं स्किलचं पुस्तक) वाचलं की ते स्किल एकने वाढतं. लवकर वाचलंत तर ते एक पाऊल स्वस्तात जातं. स्किल नव्वदीत असताना तेच पाऊल सगळ्यात महाग असतं, तेव्हा वाचा. अडचण एकच: टेबलावरचं पुस्तक उचलायला गेलात की ते आधी उघडतं, आणि उघडलं की संपलं. पेटीतलं किंवा दुकानातलं मात्र न वाचता घेता येतं.

लेव्हल वाढली की हेल्थ, मॅजिका (जादूची ताकद) किंवा स्टॅमिना (दम) यांपैकी एक १० ने वाढतं. धनुर्धाऱ्याने दोनदा हेल्थ, एकदा स्टॅमिना असं धरावं. स्टॅमिनाबरोबर ओझं उचलायची ताकदही ५ ने वाढते. आणि "लेव्हल वाढली" असं पडद्यावर आलं की लगेच मेनूत जाऊ नका. निवड करताच तिन्ही पट्ट्या पूर्ण भरतात. ही भरपाई ड्रॅगन समोर असताना, हेल्थ तळाला गेल्यावर वापरायची.