ग्राहक-डेटावर पहिलं मार्गदर्शक लिहायला घेताना

ग्राहक क्रमांक १२३४६ ने १८ जानेवारी २०११ रोजी सकाळी ७४,२१५ बरण्यांची ऑर्डर दिली आणि सोळा मिनिटांनी ती सगळीच्या सगळी रद्द केली. रक्कम होती ७७,१८३.६० पौंड. कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइनच्या मशीन लर्निंग रिपॉझिटरीत (खुल्या डेटाच्या संग्रहात) ‘ऑनलाइन रिटेल’ नावाचा डेटासेट आहे, त्यात या दोन्ही नोंदी सापडतात. ग्राहक-विश्लेषण शिकून त्यावर पहिल्यांदाच मार्गदर्शक लेख लिहू पाहणाऱ्यांना मी या ग्राहकापासून सुरुवात करायला सांगते. त्याचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय पुढच्या एकाही आकड्यावर विसंबता येत नाही.

हा डेटासेट ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन विक्रेत्याचा आहे. १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातल्या ५,४१,९०९ ओळी, आठ कॉलम. तो कुणालाही मोफत उतरवून घेता येतो आणि त्यात ग्राहकांची नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. लिहिण्यासाठी असाच खुला डेटा घ्या. कामाच्या ठिकाणचा खरा डेटा, नावं खोडून का होईना, जाहीर लिखाणात आणू नका. जन्मतारीख आणि राहण्याचा भाग एवढ्यावरूनही माणूस ओळखता येऊ शकतो.

आता मुद्द्यावर येते. या डेटात रद्द झालेल्या ऑर्डरचा इनव्हॉइस क्रमांक ‘सी’ अक्षराने सुरू होतो आणि नगांची संख्या उणे असते. अनेक मार्गदर्शकांत इथे एकच सूचना असते: ‘उणे नग असलेल्या ओळी काढून टाका.’ कोड एका ओळीचा आणि तो बिनतक्रार चालतो. पण त्यामुळे रद्द केल्याची नोंद जाते आणि मूळ खरेदी मात्र तशीच राहते. मग १२३४६ आणि ९ डिसेंबर २०११ रोजी एकाच वस्तूचे ८०,९९५ नग मागवून बारा मिनिटांत ऑर्डर रद्द करणारा १६४४६, हे दोघेही सर्वाधिक खर्च करणाऱ्या पहिल्या दहा ग्राहकांत येऊन बसतात. प्रत्यक्ष निव्वळ रक्कम पाहिली तर पहिल्याची शून्य आणि दुसऱ्याची २.९० पौंड. तुमचं वाचून कुणी ‘सर्वोत्तम ग्राहकां’ची यादी काढली, तर तिची सुरुवातच चुकीची होते.

मी रद्द नोंदी ठेवते आणि ग्राहकनिहाय रकमेची बेरीज त्यांच्यासकट करते. ऑर्डरी मोजताना मात्र ‘सी’चे इनव्हॉइस वगळते, नाहीतर परत केलेला मालही खरेदी म्हणून मोजला जातो. ही पद्धत निर्दोष नाही. १ डिसेंबर २०१० च्या आधी घेतलेला माल नंतर परत आला असेल, तर त्याची उणे रक्कम दिसते पण खरेदी दिसत नाही. शिवाय पूर्ण रद्द झालेली ऑर्डरही मोजणीत एक धरली जाते. हे सगळं मार्गदर्शकात लिहायचं. ओळ काढण्याचा कोड वाचकाला कुठेही मिळेल. ती का काढली आणि काढल्यावर उत्तर किती हललं, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. मुलाखतींतही मी उमेदवाराला नेमकं हेच विचारते.

तसंच ग्राहक क्रमांक नसलेल्या ओळींचं. त्या १,३५,०८० आहेत, म्हणजे जवळपास पाव डेटा. ग्राहकांचे गट पाडायचे असतील तर त्या सोडाव्याच लागतात. पण त्याच उरलेल्या टेबलवर पुढे ‘एकूण विक्री’चा आलेख काढला की पाव ओळी गुपचूप गळालेल्या असतात. म्हणून ग्राहकांसाठी वेगळं टेबल आणि विक्रीसाठी वेगळं, असं पहिल्यापासून ठेवा आणि त्यांना बोलकी नावं द्या.

गट पाडण्यासाठी नवख्यांनी आरएफएम (रीसन्सी, फ्रीक्वेन्सी, मॉनेटरी) घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वी, किती वेळा खरेदी, किती रकमेची: हे तीन आकडे कुणालाही समजावता येतात. गोम पुढे आहे. प्रत्येक आकड्याला १ ते ५ गुण देण्यासाठी पायथनच्या पँडास लायब्ररीतलं ‘क्यूकट’ हे फंक्शन वापरून खरेदीच्या संख्येवरून ग्राहकांचे पाच समान भाग करायला गेलात की सीमा एकसारख्या येत असल्याची एरर येते, कारण एकदाच खरेदी केलेले ग्राहक खूप असतात. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे आधी ‘रँक’ लावून, म्हणजे प्रत्येक ग्राहकाला वेगळा क्रमांक देऊन, मग भाग करणे. एरर जाते खरी, पण एकदाच खरेदी केलेल्या दोन ग्राहकांपैकी एकाला १ गुण आणि दुसऱ्याला २ गुण मिळू शकतात, आणि तेही टेबलमधल्या क्रमावरून. त्यापेक्षा सीमा स्वतः ठरवा: एकदा, दोनदा, तीन ते पाच वेळा असं काहीतरी. भाग असमान होतील, होऊ द्या.

दिवस मोजताना आजची तारीख घेऊ नका; १० डिसेंबर २०११ घ्या, म्हणजे डेटा संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची. समान भागांचे गुण आजच्या तारखेनेही तेच येतील, पण ‘९० दिवसांत खरेदी केलेले’ असा निकष लावलात की एकही ग्राहक उरणार नाही. महिन्यांच्या आलेखात डिसेंबर २०११ खाली कोसळलेला दिसतो, कारण त्यात नऊच दिवस आहेत. आलेखाखाली तसं लिहा किंवा तो महिना गाळा. आणि या दुकानाचे बरेच ग्राहक घाऊक खरेदीदार आहेत, त्यांच्या मोठ्या रकमा सरासरी वर खेचतात, त्यामुळे सरासरीबरोबर मध्यकही (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या.

के-मीन्स क्लस्टरिंग, म्हणजे एकमेकांसारख्या ग्राहकांचे गट संगणकाकडून पाडून घेण्याची पद्धत, पहिल्या लेखात नसलं तरी चालेल. घालायचंच असेल तर आधी लॉग (लॉगॅरिदम) घेऊन तिन्ही आकडे एका मापावर आणा, नाहीतर रक्कम बाकीच्या दोघांना गिळून टाकते.

लिहून झालं की या विषयातल्या नसलेल्या पण पायथन येणाऱ्या एखाद्याला रिकाम्या नोटबुकवर (कोड लिहून चालवायच्या फाइलवर) ते पहिल्यापासून करून बघायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे तुमच्याकडे वळून बघेल तिथे खूण करा. तिथली पायरी तुम्ही मनात धरली आहे, कागदावर नाही. प्रत्येक टप्प्यानंतर किती ओळी आणि किती ग्राहक उरले हे छापणारी ओळही कोडमध्ये ठेवा, म्हणजे त्याचे आकडे तुमच्यापासून कुठे वेगळे झाले हे त्याला तुम्हाला न विचारता शोधता येईल.