जुन्या गाडीच्या दारांचं रबर बदलताय? या चुका टाळा

दाराचं रबर बदलणं हे गाडीतल्या सोप्या कामांत मोजलं जातं. जुनं ओढून काढायचं, नवं दाबून बसवायचं, झालं. तरीही नवं रबर बसवल्यावर पाणी आत येतच राहिलं, दार दोनदा आपटल्याशिवाय लागेना, वाऱ्याची शिट्टी उलट वाढली, अशा तक्रारी सर्रास ऐकू येतात. त्यात रबर खराब निघाल्याची उदाहरणं थोडी. दार आणि बॉडी यांच्यामधली फट भरणं एवढंच त्याचं काम. ती फट किती आहे, सगळीकडे सारखी आहे का आणि पाणी खरंच तिथून येतंय का, हे न बघता रबर आणलं की पुढचं सगळं बिघडत जातं.

आत पाणी दिसलं म्हणजे दाराचंच रबर गेलं, असं धरून चालणं

काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरणं हा बिघाड नाही; दार तसंच बनवलेलं असतं. काचेला बाहेरून टेकलेली पट्टी बरंचसं पाणी अडवते, उरलेलं आत जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं मातीने बुजली की दारात पाणी साचतं, वळणावर डुचमळल्याचा आवाज येतो आणि डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) खालच्या कडेने ते आत झिरपतं. पॅडमागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो पाणी दाराच्या आतच ठेवतो. जुन्या गाडीत स्पीकर लावताना किंवा काचेचं मशीन बदलताना तो कुणीतरी फाडलेला असतो, नाहीतर काढून टाकलेला असतो. पडदाच नसेल तर कितीही भारी रबर लावा, पायाखालची ओल जाणार नाही. म्हणून रबर घ्यायच्या आधी पॅड उघडून एकदा बघाच.

पाणी दुसरीकडूनही येतं. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर मॅट ओली होत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. ओल गोडसर वासाची आणि बोटांना चिकट लागली तर ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे. समोरच्या काचेचं रबर, वायपरखालची जाळी, सनरूफच्या नळ्या, दारातून बॉडीत जाणाऱ्या वायरिंगवरचं रबरी आवरण यांतूनही पाणी शिरतं.

खात्री करायची तर बागेच्या पाइपने हलकी धार सोडा, पण खालून वर. आत एक जण टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका. त्या दाबापुढे चांगलं रबरही हार मानतं आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. रबर नेमकं कुठे टेकत नाही हे बघायला त्यावर खडूची पूड चोळा, दार लावून उघडा. समोरच्या पत्र्यावर जिथे पूड उमटली नाही तिथे रबर पोचतच नाही.

लोंबलेल्या दारावर नवं रबर चढवणं

दार अर्धं उघडा, मागच्या कडेला धरून वर उचला. बिजागरीत खडखड झाली किंवा दार वर सरकलं तर पिना आणि बुश झिजलेत. असं दार लागताना रबरावर सरळ न टेकता त्याला घासत जागेवर जातं. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट राहते आणि खालच्या कोपऱ्यात रबर चेपून फाटतं. आधी बिजागरी, मग दाराची ठेवण, मग स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो बॉडीवरचा आकडा) आणि शेवटी रबर. हा क्रम उलटा केला तर रबर दोनदा घ्यावं लागतं. अपघातानंतर पत्रा काम झालेल्या गाडीत चारही दारांच्या फटी वेगवेगळ्या असू शकतात, तेव्हा एका दाराचं माप दुसऱ्याला लावू नका.

जाड रबर म्हणजे चांगलं रबर, हा समज

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. अपग्रेड म्हटलं की माणूस जाड, फुगीर रबर शोधतो. पण पोकळ रबर ठरावीक प्रमाणात दबलं तरच नीट काम करतं. दार लागल्यावर ते साधारण एक तृतीयांश दबावं, असा अंदाज ठेवा. फट 10 मिमी असेल तर 14-15 मिमी उंचीचा फुगा, म्हणजे रबराचा पोकळ भाग, ठीक. 20 मिमीचा घातला तर तो अर्धा चेपला जातो, त्याची लवचीकता लवकर मरते आणि तोपर्यंत तो दाराला बाहेर ढकलत राहतो.

फट मोजायला मुलांच्या खेळातली प्लॅस्टिसिन माती पुरते. जुनं रबर काढा, मातीचे गोळे पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दाराच्या चौकटीत पाच-सहा जागी ठेवा, दार पूर्ण लावा, उघडा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. वर 8 आणि खाली 14 अशी तफावत निघाली तर प्रश्न दाराचा आहे. त्यावर रबर हा उपाय नाही.

जाड रबर बसवल्यावर दार लागत नाही म्हणून लोक स्ट्रायकर बाहेर सरकवतात. दार लागतं खरं, पण ते बॉडीच्या रेषेबाहेर उभं राहतं, त्याची पुढची कड वारा पकडते आणि ज्या आवाजासाठी एवढं केलं तोच वाढतो. याहून वाईट म्हणजे दार अर्ध्या लॉकवर राहणं. दाराच्या लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावरचं दार लागल्यासारखं दिसतं, पण ते पूर्ण बंद नसतं. नवं रबर बसवल्यावर प्रत्येक दार दुसऱ्या टप्प्यापर्यंत जातंय का, हे हाताने बाहेर ओढून तपासा. मागच्या सीटवर मुलं बसत असतील तर यात हयगय नको.

नव्या रबराने पहिले काही दिवस दार थोडं जड लागणं स्वाभाविक आहे. रबर बसायला आठवडाभर द्या आणि तोवर स्ट्रायकरला पाना लावू नका. जडपणा गेलाच नाही तर काच खाली करून दार लावून बघा. काच उघडी असताना दार सहज लागत असेल तर ते आत कोंडलेल्या हवेमुळे अडत होतं, रबर दबत नसल्यामुळे नव्हे. गाडीच्या मागच्या भागात हवा बाहेर जायच्या झडपा असतात, बऱ्याचदा बंपरच्या आड. साउंडप्रूफिंगची शीट लावताना त्या झाकल्या गेल्या असतील तर प्रत्येक दार जड वाटणारच. पोकळ रबरावर ठरावीक अंतरावर बारीक भोकं असतात, तीही दोष समजून बुजवू नका. दाबल्यावर आतली हवा तिथूनच निघते.

घराच्या खिडकीची फोम पट्टी आणि मीटरवर मिळणारं काहीही

गाडीच्या दाराला आज ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर वापरतात. हे रबर 1960 च्या दशकात बाजारात आलं. नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन आणि ऊन चिरा पाडतात, ईपीडीएम त्याला चांगलं तोंड देतं. फार जुन्या गाडीचं मूळ रबर साध्या जातीचं असेल तर निव्वळ ईपीडीएमवर जाणं हाच खरा अपग्रेड झाला. घरगुती फोम पट्टी मात्र गाडीला लावू नका. तिचे कप्पे उघडे असतात, ती स्पंजासारखी पाणी शोषते आणि ते पाणी दिवसचे दिवस पत्र्याला धरून ठेवते. ओळखायची खूण सोपी आहे: तुकडा पाण्यात दाबून सोडा, बाहेर काढून पिळा. पाणी निघालं तर ती पट्टी गाडीसाठी नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या मॉडेलसाठी साच्यात बनलेलं, कोपरे आकारातच असलेलं रबर मिळत असेल तर मीटरवरच्या पट्टीच्या वाटेला जाऊ नका. सरळ पट्टी तीव्र वळणावर आत दुमडते, फुगा चपटा होतो आणि पाणी हमखास त्याच कोपऱ्यातून येतं. मीटरवरचंच घ्यावं लागलं तर जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा कापून सोबत न्या. फुगा पट्टीच्या माथ्यावर आहे की कुशीला, हे त्यावरून जुळवा. पत्र्याच्या कडेवर चढणाऱ्या रबराची पकड किती जाडीसाठी आहे तेही बघा. त्या कडेला काही ठिकाणी पत्र्याचे दोन थर असतात, काही ठिकाणी तीन-चार. एकाच जागी जाडी मोजून घेतलेलं रबर दुसरीकडे सैल बसतं किंवा चढतच नाही.

ताणून बसवणं

रबर तोकडं पडतंय म्हणून ओढून टोकं जुळवली, तर काही आठवड्यांत ते मूळ लांबीवर परत येतं. सांध्यात फट पडते, कोपऱ्यातलं रबर पत्र्यापासून सुटतं. घडी पडलेलं रबर आधी उन्हात किंवा उबदार खोलीत मोकळं पसरून ठेवा. चौकटीवरचं असेल तर खालच्या उंबऱ्याच्या मध्यापासून सुरुवात करा, कोपरे आधी नीट बसवा, मधला भाग नंतर दाबत जा. सांधा खालीच ठेवा, वर नको. टोक लगेच कापायची घाई करू नका; रात्रभर तसंच राहू द्या आणि मग 5 ते 10 मिमी जास्त ठेवून कापा, म्हणजे टोकं एकमेकांना दाबून राहतील. कडेवर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा, हातोडा नको. फार तर रबरी मॅलेट, तोही पत्र्याची कड पकडणाऱ्या धरपट्टीवर, फुग्यावर नाही.

गंजावर आणि जुन्या सोल्यूशनवर चिकटवणं

जुनं रबर काढलं की खाली गंज दिसतो, आणि रबर घाईने वरून बसवलं की तो झाकतो. असा झाकलेला गंज थांबत नाही. रबराखाली ओल टिकल्यामुळे तो आणखी वेगाने वाढतो. घासा, गंजरोधक आणि प्रायमर लावा, रंग पूर्ण वाळू द्या, मगच पुढे जा. ओल्या रंगावर बसवलेलं रबर काढताना रंगही सोबत घेऊन येतं.

चिकटवायला व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन सीलंट वापरू नका. तो वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतो, ते उघड्या पत्र्याला गंज आणतं. शिवाय त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरं सोल्यूशन. दाराच्या रबरासाठीचं काँटॅक्ट सोल्यूशन घ्या. ते दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला ओलं न लागता चिकट लागेपर्यंत थांबायचं आणि मग जोडायचं. ओलं असतानाच दाबलं तर रबर घसरत राहतं. मागे टेप असलेली पट्टी असेल तर पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फार थंडीत काम करू नका, आणि गाडी धुवायच्या आधी तीन दिवस जाऊ द्या. ॲक्रिलिक टेपला पूर्ण पकड यायला 72 तासांच्या आसपास लागतात.

आणखी एक गोष्ट, जी नेमकी सुबक काम करणाऱ्यांच्याच हातून होते: दाराच्या खालच्या कडेला रबर चिकटवताना पाणी जायची भोकं त्याखाली झाकली जातात. भोकांवर आधीच खडूने खुणा करून ठेवा.

रबराला तेल, ग्रीस, डिझेल

चमक येते, म्हणून लोक लावतात. ईपीडीएमला पेट्रोलियम तेलं सोसत नाहीत. ते फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. पेट्रोलियम जेली आणि गंज सोडवायचे स्प्रेही त्याच जातीचे. साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, फडक्यावर थोडं सिलिकॉन घेऊन हात फिरवा. पण सोल्यूशन लावायच्या आधी सिलिकॉन कुठेही नको, आणि समोरच्या काचेवरही उडू देऊ नका.

उभ्या गाडीत सगळं ठीक, वेगात मात्र शिट्टी

कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं, ती सगळीकडे घट्ट ओढली जाते, पाणीही येत नाही, पण वेग वाढला की आवाज सुरू. इथे बरेच जण पुन्हा जाड रबराकडे वळतात. वेगात धावणाऱ्या गाडीच्या बाजूला हवेचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो आणि काचेभोवतीची चौकट बाहेर ओढली जाते. उभ्या गाडीत टेकलेलं रबर त्या क्षणी सुटतं. त्यामुळे उभ्या गाडीतली कोणतीही चाचणी हा दोष पकडत नाही.

शोधायचं असं: दाराभोवतीच्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावा आणि ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला गाडी चालवा. आवाज गेला तर थांबून एकेक तुकडा काढा, पुन्हा चालवा. आवाज परत आला की जागा सापडली. टेप लावूनही आवाज तसाच असेल तर तो आरशाचा, कॅरियरचा किंवा समोरच्या काचेच्या पट्टीचा आहे, दाराला हात लावू नका. जागा बहुधा पुढच्या खांबाजवळ किंवा चौकटीच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात निघते. तिथे दाराची चौकट किंचित आत आणणं, नाहीतर तेवढ्याच भागात पातळ दुसरी पट्टी लावणं पुरतं. पूर्ण दाराभोवती दुसरी पट्टी लावायची असेल तर खालच्या बाजूला ती तोडा. दोन पट्ट्यांच्या मध्ये शिरलेल्या पाण्याला वाट मिळाली नाही तर ते उंबऱ्यावर साचून पत्रा खातं.

चार दारं केली, डिकी राहिली

हॅचबॅक, व्हॅन किंवा एसयूव्हीत डिकीचं रबरही त्याच वयाचं असतं. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्यात सायलेन्सरचा धूर अडकतो आणि सैल रबरातून तो आत खेचला जातो. सोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला वास नसतो. मागची काच बंद असूनही गाडीत धुराचा वास येत असेल किंवा डिकीच्या कडेला आतून धुळीचा पट्टा दिसत असेल तर दारांच्या आधी डिकीचं रबर घ्या, आणि सायलेन्सर कुठे गळतोय का तेही त्याच दिवशी बघून घ्या.